जळक्या रबराचा वास

४ फेब्रुवारी

ही सकाळच्या गाडीने गेली. चार महिन्यांसाठी. बंदरावरची क्रेन चालवायचं प्रशिक्षण आहे आणि तुकडीत बाई अशी ही एकटीच. स्टेशनवर मोठी लेक ताई रडली नाही, धाकटा गुंडू रडला नाही, मीच दोनदा नाक शिंकरून घेतलं. गुंडूला अजून वाटतंय की आई संध्याकाळी येणार. साडेतीन वर्षांच्या माणसाचा हिशेब सोपा असतो. गेलेलं सगळं संध्याकाळी परत येतं.

घरी आल्यावर दोघांना समोर बसवलं. म्हटलं, "ऐका. आईला फोनवर रडगाणं ऐकवायचं नाही. ती चार मजले उंच काचेच्या खोलीत बसून खोलीएवढाले लोखंडी डबे उचलणार आहे. तिचं लक्ष इकडे लागलं तर डबा कुणाच्या तरी टाळक्यात पडेल. तेव्हा घरातलं घरात. कळलं?" गुंडू "कळ्ळं!" म्हणून खुर्चीवरून उडी मारून मोकळा झाला. ताईने नुसती मान हलवली. सात वर्षांची आहे, पण मान हलवते ती पेन्शनीत निघालेल्या माणसासारखी.

मुलांचं रोजचं काहीबाही टिपून ठेव, आल्यावर वाचीन, असं ही जाताना म्हणाली. म्हणून हे लिहिणं. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत, फोटोंना आणि चित्रांना चौकटी करून द्यायचं. त्यामुळे मी दिवसभर घरीच. सगळे म्हणाले, मग तुला काय अवघड आहे! चौकटीच्या कोपऱ्यात केस मावेल एवढीही फट मी राहू देत नाही. पण आज ताईच्या केसांपुढे हात टेकले. एका बाजूला वेणी आणि दुसऱ्या बाजूला दोरखंड घेऊन पोर शाळेत गेली.

७ फेब्रुवारी

दूध उतू गेलं. ते कुणाच्याही घरी जातं, पण मी समोर उभा होतो. ताईने येऊन गॅस बंद केला.

"बाबा, तू बघत होतास ना?"

"बघत होतो की."

"मग?"

मग काय! झोप पुरत नाही. गुंडू माझ्या पोटात पाय खुपसून झोपतो. मी ओटा पुसत होतो तेवढा वेळ ताई माझ्याकडे बघत राहिली. मी बघितलं की ओट्याकडे बघायची.

११ फेब्रुवारी

हे हिला वाचायला द्यायचं नाही.

दुपारी गुंडू झोपला होता आणि मी काच कापत होतो. एकदम जळक्या रबराचा वास आला. आणि त्याच्यासोबत पोटातून काहीतरी वर चढत आलं. भीती. पण कशाची, ते नाही. नुसतीच भीती, जशी लहानपणी विहिरीत वाकून बघताना वाटायची. वाटलं, हे असंच पूर्वी एकदा झालेलं आहे, हीच दुपार, हीच काच, आणि आता काहीतरी भयंकर होणार आहे. मग वास गेला.

उठून घरभर फिरलो. बटणं, वायरी, फ्रिजच्या मागे, पलंगाच्या खाली. कुठे काही गरम नाही. गुंडूच्या नाकापाशी बोट धरून बघितलं, श्वास चालू होता. चालू असणारच, पण बघितलं. परत येऊन पाहतो तर काचेवरची, कापायच्या हिऱ्याने ओढलेली रेघ पट्टी सोडून भलतीकडेच गेलेली. वीस वर्षांत माझी रेघ अशी कधी गेली नाही.

१५ फेब्रुवारी

वास पुन्हा आला, दोनदा. वायरमनला बोलावलं. त्याने सगळ्या भिंती हुंगल्या, मीटर उघडला, प्रत्येक प्लगमध्ये त्याची सुई घातली. शेवटी म्हणाला, "साहेब, माझ्या स्वतःच्या घरात एवढी चांगली वायरिंग नाही." मी म्हटलं, मग वास कसला येतो? तो म्हणाला, "मला तर तुमच्या सरसाचा येतोय."

ताईला विचारलं, तुला येतो का गं जळका वास? ती म्हणाली नाही. मग म्हणाली, "तुला आता येतोय?" आणि लगेच गुंडूचा हात धरून त्याला माझ्यापासून लांब, दारापाशी नेऊन उभं केलं. पोर घाबरली. उगाच विचारलं मी.

१६ फेब्रुवारी

मुलांचा पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्ये घेतला. दारापाशी पाण्याच्या दोन बादल्या आणि एक वाळूची ठेवली. समोरच्या दारातले घड्याळकाका (पूर्वी घड्याळांचं दुकान होतं, आता घरीच दुरुस्ती करतात) बघून म्हणाले, "काय रे, चढाई व्हायची आहे का कुणाची?" मी हसलो. पण बादल्या तिथेच आहेत.

२० फेब्रुवारी

ताईचं काहीतरी बिनसलंय. मी काम करत असलो की मागे येऊन उभी राहते आणि मध्येच विचारते, "बाबा, माझं नाव काय?" पहिल्यांदा म्हटलं, महाराणी. तर चिडली. "खरं सांग." सांगितलं. मग, "गुंडूचं? आज वार कोणता?" सगळी उत्तरं बरोबर आली की निघून जाते. मास्तरीण व्हायची आहे वाटतं. दिवसातून आठ-दहा परीक्षा होतात माझ्या.

गुंडूला आंघोळही आता तीच घालणार म्हणते. मी घालायला लागलो की टबाच्या कडेवर बसून राहते, हलत नाही. "अगं, आईसारखं करायला नको तुला, मी आहे ना," मी म्हटलं.  ती टबातलं पाणी मगाने काढून काढून बाहेर ओतत बसली. गुंडू बिचारा घोट्याएवढ्या पाण्यात उघडा कुडकुडत होता.

२४ फेब्रुवारी

हिचा फोन आला. आज पहिल्यांदा डबा उचलला म्हणे, रिकामा, आणि आखलेल्या चौकोनात बरोबर ठेवला. आवाजातला आनंद इथपर्यंत आला. मी काहीतरी बोलत होतो. मध्येच ती "हॅलो, हॅलो" करायला लागली. फोन ताईच्या हातात होता आणि ताई तिला सांगत होती, "आई, इकडे रेंज जातेय मध्ये मध्ये." हल्ली रेंजचं काही खरं नाही.

१ मार्च

गुंडूने नवीन खेळ काढलाय. जेवता जेवता म्हणाला, "बाबा, पुतळा हो ना!" मी हात वर करून स्तब्ध बसलो.

"असा नाही. तोंड हलवणारा पुतळा! तू होतोस ना, तसा!"

मी उंटासारखं तोंड हलवलं. तो हसून हसून खुर्चीवरून घसरायच्या बेतात आला. ताईने ताटली आपटली. "गुंडू, गप्प बस! तो खेळ नाहीये!" अर्धा बटाटा तसाच टाकून ती उठून गेली. कधी नव्हे ते ताईने अन्न टाकलं.

४ मार्च

नातवाचा फोटो चौकटीत बसवायला देऊन गेलेल्या म्हाताऱ्या बाई आल्या आणि फोटो परत घेऊन गेल्या. "परवा मी एवढं पोटतिडिकीने सांगत होते आणि तुम्ही नुसते माझ्याकडे बघत राहिलात. होय नाही, नाही नाही. एवढी घमेंड बरी नाही." परवा त्या आल्या होत्या खऱ्या, पण बोलल्या कधी? मला तर त्या आल्या आणि गेल्या एवढंच आठवतं. वय झालं की माणसं मनातलं बोललो असं समजतात.

बाहेरचं दार दोनदा सताड उघडं सापडलं. मी बंद केलं होतं. कुलूप बदलून घेतलं. भुरट्या चोराला माझ्या दुकानात काय मिळणार, पण घरात मुलं आहेत. काल कात्री फ्रिजमध्ये होती. गुंडूला विचारलं, तो म्हणाला, "बाबाने ठेवली." हा आता खोटंही बोलायला लागला.

५ मार्च

वास. भीती. दोन्ही. मुलं शाळेत होती म्हणून बरं.

९ मार्च

ताईच्या बाईंनी शाळेत बोलावलं. म्हणाल्या, ताई मधल्या सुट्टीत खेळत नाही. फाटकाच्या गजाला धरून उभी राहते, कारण तिथून आमचं दुकान दिसतं. गुंडूच्या बालवर्गात जाऊन तो आहे ना हे बघून येते. शाळा सुटल्यावर त्याला कुणाच्याही हाती देत नाही. परवा विचारलं तर म्हणाली, पोटात दुखतं, घरी जाऊ दे.

"आई लांब गेली की काही मुलं अशी होतात," बाई म्हणाल्या. "मनात भीती धरून बसतात. मुलांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या."

 मी समजत होतो की मुलांचं मी नीट करतोय. वेण्याही आता बऱ्या येतात. आणि पोर आतल्या आत भीतीने वाळतेय. पण भीती आली कुठून? मग वाटलं, माझ्याकडूनच. त्या बादल्या, ते कुलूप, माझं सारखं हुंगत फिरणं. बापाच्या पोटातलं पोरांना कळतं. डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली. हिला सांगितलं नाही. तिची परवा भरलेला डबा उचलायची चाचणी आहे.

१२ मार्च



सकाळी शाळेत सोडायला निघालो. रोजचाच रस्ता. फुटपाथवरून खाली उतरलो, डाव्या हातात गुंडू, उजवीकडे ताई. एकदम कानाशी हॉर्न. समोर ट्रक, एवढा जवळ की त्याच्या तोंडाची ऊब लागली, ड्रायव्हर खिडकीतून शिव्या मोजतोय, आणि गुंडूचा हात माझ्या हातात नाही! ताईने त्याला माझ्यापासून ओढून घेतला होता. भर रस्त्यात. एका हाताने त्याचं मनगट आणि दुसऱ्या हातात माझा शर्ट, आणि दोघांना मागे खेचत होती, फाटेस्तोवर.

कसेबसे कडेला आलो. औषधांच्या दुकानाच्या पायरीवर तिला उभं केलं आणि ओरडलो. असा मी आजवर कुणावर ओरडलो नव्हतो. "अक्कल आहे का? रस्त्याच्या मधोमध त्याचा हात सोडवतेस? मेला असता तो!" लोक थांबून बघायला लागले. ताई रडली नाही. गुंडूचं मनगट तिने तेव्हाही सोडलं नव्हतं.

औषधवाला काउंटर सोडून बाहेर आला. "अहो, तिला कशाला ओरडता? तुम्हीच तर मध्ये..."

मी म्हटलं, "माझी मुलगी आहे, मी बघतो काय ते."

त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. मी घेतला नाही. तो म्हणाला, "तुम्हाला बरं वाटतंय का?" आता आपली मुलं ट्रकखाली जाता जाता वाचल्यावर कुणाला बरं वाटेल?

१३ मार्च

ताई माझ्याशी नेहमीसारखीच वागते. तेच जास्त लागतं. आज तीनदा नाव विचारलं. मी तिन्हीदा सांगितलं.

मनात येतं, काल मलाच चक्कर आली असेल का? सकाळी काही खाल्लं नव्हतं. पण चक्कर आली तर माणूस पडतो. मी तर उभा होतो.

१४ मार्च

जसं झालं तसं लिहितो. थांबलो तर लिहिणार नाही.

डॉक्टरबाई हसऱ्या आहेत, साधारण माझ्याच वयाच्या. गुंडूला एक लाकडी गाडी देऊन खाली सोडलं. ताईला शाळेचं, मैत्रिणींचं विचारलं. ताई एकेका शब्दात उत्तरं देत होती, नजर माझ्यावर. मग त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्ही सांगा." मी सुरुवात केली, की आई गेल्यापासून हिच्या मनात कसली तरी भीती बसलीये, आणि तेवढ्यात तो वास आला. मला वाटलं, यांच्याकडेही वायरिंगचं काम निघालं.

त्यानंतर आठवतो तो ताईचा आवाज. माझ्या कानाशी, खणखणीत, शाळेत म्हणतात तसा. "बे आठे सोळा, बे नवे अठरा, बे दाहे वीस." डॉक्टरबाई टेबलापलीकडे नव्हत्या. माझ्यासमोर गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि माझं मनगट त्यांच्या हातात होतं. माझ्या शर्टाची वरची बटणं सुटलेली. ती मीच सोडली म्हणे.

"बाबा, माझं नाव काय?" ताईने विचारलं.

नाव मला माहीत होतं. तोंडापर्यंत येत नव्हतं.  ती थांबून राहिली, अजिबात घाई न करता, आणि थोड्या वेळाने ते आलं. मग ती डॉक्टरांना म्हणाली, "आला तो आता."

"असं नेहमी होतं बाबांना?" डॉक्टरांनी तिलाच विचारलं. मला नाही.

"रोज नाही. आई होती तेव्हा एकदाच झालं होतं. आता खूपदा होतं. आधी तो इकडेतिकडे वास घेतो. मग पुतळा होतो आणि तोंड हलवतो. कधीकधी चालतो पण. दार उघडतो. मी पाढा म्हणते मग तो येतो."

"बाळा, तू हे कुणाला सांगितलं का नाहीस?"

ताईने माझ्याकडे बघितलं. "घरातलं घरात," ती म्हणाली.

डॉक्टरबाई उठून खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "दाखवायला तुम्ही हिला आणलंत. पण तपासायचं तुम्हाला आहे. सगळ्याच फिटमध्ये माणूस पडून हातपाय झाडत नाही. कधी नुसता थांबतो. तो वास आणि ती भीती बाहेरून येत नाहीत. फिटची सुरुवातच ती असते."

मी म्हटलं, "पण मला वाटलं की हिलाच भीती..."

"वाटणारच ना तिला," त्या म्हणाल्या.

त्यांनी तिथूनच मेंदूच्या डॉक्टरांना फोन लावला. आणि मला सांगितलं की तपासण्या होऊन औषध लागू पडेपर्यंत गॅस नाही, काचकाम नाही, मुलांची आंघोळ नाही आणि मुलांना घेऊन रस्ता ओलांडणं तर नाहीच. आम्हाला न्यायला घड्याळकाका आले. रस्ता ओलांडताना त्यांनी गुंडूला एका हाताने धरलं आणि मला दुसऱ्या. मी धरू दिलं.

१५ मार्च

दूध. काच. दार. कात्री. म्हाताऱ्या बाई. टबातलं पाणी. एकेक आठवतं. घरात कोण शिरतंय म्हणून मी कुलूप बदललं.

गुंडूला उचलून घ्यायचं झालं तर आता आधी खाली बसतो.

१६ मार्च

ही आली. मी फोनवर सगळं सांगितलं होतं, एका श्वासात. दारात बॅग टाकून तिने आधी ताईला जवळ घेतलं, मग गुंडूला, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मूर्ख माणसा." आणि रडायला लागली. तिला रेंजचं सगळं आठवलं होतं.

२० मार्च

आधी डोक्याला तारा चिकटवून आलेख काढला. मग स्कॅनच्या नळकांड्यात घातलं. आत नुसती ठोकाठोक, खिळे मारल्यासारखी. डोळे मिटून पडलो होतो. मरणाची भीती वाटली का? वाटली. पण तिथे पडल्या पडल्या डोळ्यांपुढे ट्रकचं तोंड येत होतं, आणि त्यापुढे "माझं नाव काय?" असं विचारायला कुणी शिल्लक नाही असं काहीतरी. निकाल सोमवारी. डोक्यात गाठ असेल का, हे घरात कुणीच बोलत नाही. हिने आज फरशी दोनदा पुसली.

२३ मार्च

गाठ नाही.

एक जुना व्रण आहे, बहुतेक लहानपणीच्या कुठल्यातरी तापाचा. इतकी वर्षं निजलेला होता, झोपमोड आणि दगदग झाली तसा उठला. गोळ्या घ्यायच्या, झोप पुरी घ्यायची. बहुतेकांच्या फिट थांबतात, डॉक्टर म्हणाले. "बहुतेकांच्या" हा शब्द मी घरी येईपर्यंत चघळत होतो. ही रिक्षात माझा हात घट्ट धरून बसली होती. तीही तोच चघळत असावी.

२६ मार्च

दोन दिवस भांडण चाललंय, दबक्या आवाजात. ही म्हणते, प्रशिक्षण सोडते. मी म्हणतो, सोडलंस तर मी गोळ्या घेणार नाही. "लहान आहेस का तू?" ती म्हणाली. मी म्हटलं, "मला माझीच भीती वाटते, हे खरं आहे. पण तू तिथून खाली उतरलीस तर ताईला काय वाटेल? की तिने सांगितलं म्हणून आईचं काम गेलं." 

तोडगा घड्याळकाकांनी काढला. चहाला आले होते, कुणी विचारलंही नव्हतं. म्हणाले, "माझ्या बायकोला मी घरभर पसरलेली चाकं-स्प्रिंगा नकोच आहेत. माझं टेबल याच्या दुकानात टाकतो. मी घड्याळं बघीन आणि घड्याळांबरोबर याला बघीन. बंद पडला तर किल्ली देईन." ही खूप दिवसांनी हसली. आंघोळी, स्वयंपाक काकू बघणार. ही दर रविवारी येणार. मला हे असं दुसऱ्यांवर ओझं टाकणं आवडत नाही. पण माझ्या आवडीनिवडीचा मान बराच झाला.

३० मार्च

ही गेली. या खेपेला स्टेशनवर ताईने तिला विचारलं, "आता फोनवर सगळं सांगायचं ना?" ही म्हणाली, "सगळं. रडगाणंसुद्धा." ताईने मान हलवली, पण माझ्याकडे बघून.

८ एप्रिल

गोळ्यांनी पेंग येते. आज काकांसमोर एकदा झालं, अगदी थोडं. काका म्हणाले, "मिनिटकाटा दोन घरं सरकला नाही तोच आलास." ताई शाळेत होती. तिला सांगितलं, कारण आता काही लपवायचं नाही असं ठरलंय. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मग कसा आलास? पाढा कुणी म्हटला?" काका म्हणाले, "मला कुठले पाढे? मी आपला चहा पीत होतो." ती आत निघून गेली.

मला काहीतरी समजल्यासारखं झालं, पण धड हाताला लागलं नाही.

२१ एप्रिल

आठ तारखेनंतर एकही नाही. तरी ताई फाटकाशी उभी राहतेच, बाई सांगत होत्या.

आज सुट्टी. समोरच्या इमारतीतल्या मैत्रिणीने ताईला दिवसभर खेळायला बोलावलं. ताई म्हणाली, नाही जाणार. मी म्हटलं जा. ती म्हणाली नाही. मी म्हटलं, "अगं, काका आहेत, काकू आहेत, गुंडूला त्या बघतील. तू जा!" आवाज जरा चढलाच माझा.

आणि पोर फुटली. सात वर्षांची एवढीशी मुलगी मुठी आवळून माझ्या पोटावर मारायला लागली. "तू ओरडलास मला! सगळ्यांसमोर ओरडलास! मी हात सोडवला नव्हता, तूच सोडला होतास! मीच धरलं होतं दोघांना! आणि तू ओरडलास!" इतके दिवस न रडलेलं सगळं एकदम बाहेर आलं, नाका-तोंडातून, शब्द कळेनात इतकं. मी खाली बसलो. मारू दिलं. "माझं चुकलं," म्हटलं. "तू धरलंस म्हणून आम्ही दोघं आहोत."

ती थांबली, आणि हुंदक्यांमधून म्हणाली, "आणि मी गेले आणि तू पुतळा झालास तर? काकांना पाढे येत नाहीत. मग तू येणारच नाहीस."

तेव्हा हाताला लागलं. इतके महिने ही पोर समजत होती की मला परत आणते ती. पाढा चुकला, ती झोपली, शाळेत असली, तर बाप गेलेला तसाच राहणार. फाटकाशी ती बघायला उभी राहत नव्हती. तिथून पाढे म्हणत होती.

मी सांगितलं की मी आपोआप येतो. तिचा विश्वास बसला नाही, आणि का बसावा? माझ्या या बाबतीतल्या माहितीला काय किंमत? म्हणून डॉक्टरबाईंना फोन लावला आणि तिच्या हातात दिला. तिने डोळे पुसले आणि एकेक करून विचारलं.

"मी काही म्हटलं नाही तरी बाबा येतो?" ... "आणि मी झोपले असले तर?" ... "मी त्याच्यावर रागावले असले तरी?" ... "नक्की?"

पलीकडून काय उत्तरं आली ती मी ऐकली नाहीत, मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. फोन माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "येतोस म्हणे." आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. मग चपला अडकवल्या आणि गेली. रस्ता काकूंनी ओलांडून दिला. जाताना ताईने नाव विचारलं नाही.

भीती मात्र गेली नाही. ती दारातून बाहेर पडली तेव्हा पोटात गोळा आला, आणि हा त्या वासाचा गोळा नव्हता, साधा बापाचा होता, इतपत फरक मला आता कळतो. काका भिंग डोळ्याला लावून एका घड्याळावर वाकले होते, गुंडू त्यांच्या पायाशी पट्ट्यांचे तुकडे रचत होता. दिवसभर मी पुठ्ठे कापत खिडकीशी बसलो. समोरच्या आवारात मुलं पळत होती. ताई भांडत होती, चिडचिड करत होती, एकदा सरळ सरळ खोटं खेळून वर आरडाओरडा करताना मी तिला या डोळ्यांनी बघितलं. इकडे एकदाही मान वळली नाही.

दिवेलागणीला दारात जाऊन हाक मारली. घरी चल म्हटलं.

"थांब ना, बाबा!" ती पळता पळता ओरडली. "माझ्यावर राज्य आहे!"

थांबलो.